जुन्या ब्राउझरचे आजोबा

तपासकाकांना कोणी "काय, चाललंय ना सगळं?" असं विचारलं की ते म्हणायचे, "चालत नाही म्हणून तर मला पगार मिळतो." हा विनोद ते इतकी वर्षं करत आले होते की ऑफिसातले लोक आता त्यावर हसत नसत, नुसतं वाक्य संपेपर्यंत थांबत. काकांना त्याचंही काही वाटत नसे. विनोद चालतो की नाही हे ते रोज तपासत होते, इतकंच.

ऑफिस एका वेबसाइटचं होतं. वेबसाइट म्हणजे काही मोठा बाजार नव्हता. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून पोट भरणाऱ्यांना ज्या बारीकसारीक गोष्टी लागतात, त्या इथे फुकट करून मिळायच्या. फोटो लहान करा, दोन फाइली जोडा, कागदावरची सही सोडवून घ्या, जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्या फॉन्टमध्ये आणा. फॉर्म भरणारे, पत्रिका छापणारे, कुठल्याशा कचेरीत "फाइल फार मोठी आहे" असं ऐकून परत आलेले, असे सगळे इथे यायचे, काम उरकायचे आणि आभार न मानता जायचे. ऑफिसला त्याची सवय होती.

यात काकांचं काम एकच. ज्यांनी आपला ब्राउझर वर्षानुवर्षं बदललेला नाही, अशा लोकांनाही ही साइट नीट दिसते की नाही, बटणं दाबली जातात की नाही, ते पाहायचं. एकेकाळी अशी माणसं रग्गड होती आणि काकांना दम खायला फुरसत नव्हती. मग जगाने कात टाकली. ब्राउझर आपापले रातोरात नवे होऊ लागले. काका मात्र होते तिथेच बसून राहिले, कारण तिथेच बसायचा त्यांना पगार होता.

त्यांच्या टेबलावर दोन कॉम्प्युटर. एक सगळ्यांसारखा. दुसरा जाडजूड, घरघर करणारा. त्याला ऑफिसात 'थोरला' म्हणत. जुना ब्राउझर राहायचा तो या थोरल्यात. आता झालं होतं असं, की ऑफिसच्या नेटवर्कवाल्याने थोरल्याला वाळीत टाकलं होतं. "याची दुरुस्ती करणारे कधीच संपले. हा म्हणजे दार सताड उघडं टाकून झोपलेलं घर. हा माझ्या नेटवर्कवर आला तर मी राजीनामा देईन," असं त्याने काकांना तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून काका थोरल्याला आपल्या खिशातल्या मोबाइलवरून इंटरनेट पाजायचे. नव्या गोष्टी आधी साइटच्या एका सरावाच्या नकलेवर मांडल्या जात, पण त्या नकलेचं कुलूप थोरल्याला उघडायचं नाही. तेव्हा काका आपले सरळ खऱ्या साइटवर जात, रस्त्यावरचा कोणीही माणूस जाईल तसे. रोज प्रत्येक पान उघडत, प्रत्येक बटण दाबत आणि बायकोचा तोच एक फोटो लहान करून बघत.

प्रत्येक पानाच्या तळाशी एक पेटी होती: 'काही सांगायचंय?' काका तीही तपासायचे. इतर लोक अशी पेटी तपासताना 'अबक अबक' लिहून मोकळे होतात. काकांना ते अजिबात पटत नसे. "अबक लिहून तपासलेली पेटी अबकपुरतीच चालते. माणूस बोलतो तसं लिहून बघायला हवं," हे त्यांचं तत्त्व. म्हणून ते मनात येईल ते लिहीत. 'हवा कोरडी आहे, तरी गुडघा बोलतोय.' 'बायकोचा कालपासून अबोला आहे. चूक माझीच असणार, कोणती ते कळलं की माफी मागेन.' 'फोटो लहान झाला, आभार. माणसंही अशी लहान करता आली तर बसमध्ये बसायला मिळेल.' मग खाली 'पोचलं' अशी हिरवी खूण आली की काका खूश. पोचलं म्हणजे कुठे पोचलं, हा विचार त्यांनी कधी केला नाही. ते सगळं ज्या टपालपेटीत जात होतं ती बघणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला होता.

असं सगळं सुखाने चाललेलं असताना मालक घरी बसले आणि त्यांची मुलगी ऑफिसात आली. धाकट्या मॅडम. हुशार, नीटस, आणि प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत समोरच्याकडे बघत राहणाऱ्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "जुन्या ब्राउझरसाठी आपण एवढा खटाटोप करतो, तो नक्की कोणासाठी?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

"असतात मॅडम, लोक असतात," काका म्हणाले.

"कोण?"

"असतात."

"मी आकडे मागवलेत. एकजण जरी खरा माणूस निघाला, तर चालू ठेवू. नाहीतर या महिन्याअखेर बंद. बाकीची तपासणी आता यंत्रच करतं, काका. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका हे ज्याला सांगतात त्याला त्याच क्षणी वाईट वाटायला लागतं. काकांची पाचावर धारण बसली. पन्नाशी उलटलेली, हातात कसब एवढंच की जगाने टाकून दिलेली गोष्ट अजून चालते का ते सांगणं. हे कसब घेऊन कुठे जाणार? आणि खरं सांगायचं तर त्यांना दुसरं काही करायचंही नव्हतं. त्या खुर्चीवर बसून बटणं दाबायला त्यांना मनापासून आवडायचं.

पुढच्या बैठकीत मॅडमनी भिंतीवर आलेख लावला आणि त्यांच्याच भुवया वर गेल्या. "काका, मी हरले. जुन्या ब्राउझरवरून रोज भेटी आहेत. रोज! प्रत्येक पानावर! आपल्या ऑफिसमधल्या भेटी मी आधीच वगळल्यात, तरी."

"मी म्हणत नव्हतो?" काका खुर्चीत ताठ झाले. अहो, त्यांना खरंच आनंद झाला. आपल्या खिशातला मोबाइल ऑफिसच्या नेटवर्कमध्ये धरला जात नाही, हे त्यांच्या डोक्यात येण्याची शक्यताच नव्हती. माणूस आपल्याला हवी ती बातमी कधी उलटून पाहत नाही. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "आहे! कोणीतरी आहे!"

बायको घरूनच पत्रिका, फलक, दुकानांच्या जाहिराती करून देई. तिच्याकडे सगळं ताजं. ब्राउझर कालचा, साधनं आजची. ती मान वर न करता म्हणाली, "कोण असेल तो वेडा? अहो, मी सुद्धा घरात जुनं एकच ठेवलंय, आणि तेही अपडेट होत नाही."

दोन दिवसांनी मॅडमनी ती विसरलेली टपालपेटी उघडवली. त्यातून जुन्या ब्राउझरवरून आलेलं सगळं लिखाण वेगळं काढलं आणि बैठकीत वाचून दाखवायला घेतलं. "'हवा कोरडी आहे, तरी गुडघा बोलतोय.'" मॅडमचा आवाज मऊ झाला. "'बायकोचा कालपासून अबोला आहे...' हे कोणीतरी आजोबा आहेत. एकटे आहेत. रोज आपल्याकडे येऊन बोलतात आणि आपण वर्षानुवर्षं उत्तर दिलेलं नाही."

काकांच्या हातातला चहा तसाच राहिला. एकेक वाक्य ओळखीचं, आपल्याच कपाटातला सदरा दुसऱ्याने घातलेला दिसावा तसं. ते तोंड उघडणार तोच मॅडम म्हणाल्या, "या आजोबांसाठी आपण जुनं सगळं चालू ठेवायचं. काकांची तपासणीही." आणि टाळ्या वाजल्या. टाळ्या संपेपर्यंत काकांचं तोंड पुन्हा मिटलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण मुठीत काय आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग ऑफिसला आजोबांचं वेडच लागलं. आजोबांना दिसावं म्हणून अक्षरं मोठी झाली. आजोबा गोंधळू नयेत म्हणून बटणं हलवायला बंदी आली. त्यांची वाक्यं छापून भिंतीवर चिकटवली गेली. ज्या नेटवर्कवाल्याने थोरल्याला वाळीत टाकलं होतं, तो रोज सकाळी विचारू लागला, "आजोबांचा गुडघा कसा आहे?" काका त्या गुडघ्यासकट त्याच्यासमोरून लंगडत जात. वर्षानुवर्षं ते याच ऑफिसात गुडघ्याची रड सांगत आले होते आणि कोणी कधी 'अरेरे' म्हटलं नव्हतं. काकांना आजोबांचा हेवा वाटायला लागला. स्वतःचाच हेवा वाटणं ही तशी दुर्मीळ गोष्ट, पण ती त्यांच्या वाट्याला आली खरी.

घाबरून त्यांनी पेटीत लिहिणं बंद केलं, तर भलतंच झालं. "आजोबा बोलले नाहीत," म्हणून मॅडमना जेवण जाईना. शेवटी काकांनीच थोरल्यासमोर बसून लिहिलं, 'बरा आहे. काळजी नसावी.' ऑफिसात बिस्किटं वाटली गेली. काकांनी दोन खाल्ली. 

या सगळ्यात एकजण बिस्किटं खात नव्हती. डिझायनर. या मुलीने साइटचं सगळं रूप नव्याने केलं होतं. रोजच्या कामाच्या वर जागून, खोडून, परत काढून. सुंदर होतं ते, काकांनी पाहिलं होतं. पण ते जुन्या ब्राउझरवर चालेना, म्हणून आजोबांपायी बासनात गेलं. एक दिवस ती काकांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"काका, मी वाईट माणूस आहे का?"

"का गं? काय झालं?"

"काल भेटी कमी दिसल्या, तर मला वाटलं, गेले वाटतं आजोबा. आणि मला बरं वाटलं, काका. मी एका म्हाताऱ्या माणसाच्या मरणाची वाट बघतेय." तिचे डोळे भरून आले होते. "जोवर ते आहेत तोवर माझं काम काही बाहेर पडत नाही."

काकांनी तिला खुर्ची दिली. काल भेटी कमी होत्या, कारण काल ते दाताच्या डॉक्टरकडे गेले होते.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती आधी हसली. इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग हसणं थांबलं आणि तिने विचारलं, "म्हणजे आपल्या अबोल्याचं तुम्ही तिथे लिहिलंत? आणि सगळ्या ऑफिसने वाचलं?"

"भिंतीवर लावलंय," काका म्हणाले. एकदा खरं बोलायला लागल्यावर त्यांना थांबता येईना.

पुन्हा एक अबोला झाला. तो जेवणापर्यंत टिकला. जेवताना ती म्हणाली, "सांगून टाका."

"खुर्ची जाईल."

"जाऊ दे. तुमच्या गुडघ्यापायी त्या पोरीचं काम अडलंय. उद्या तुम्ही त्या खुर्चीत बसलात तरी बसवणार आहे का तुम्हाला?"

बसवणार नव्हतं, हे काकांनाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी बैठकीत मॅडम म्हणत होत्या की आजोबांचा पत्ता विचारून सगळ्यांनी भेटायला जाऊ या. तेव्हा काका उभे राहिले आणि म्हणाले, "लांब जायला नको. आजोबा मीच."

कोणालाच कळेना. मग काकांनी थोरला, मोबाइल, पेटी, सगळं उलगडून सांगितलं. नेटवर्कवाला टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. मग त्याच्या लक्षात आलं की थोरल्याला बाहेर काढलं ते आपणच, तेव्हा त्याचं हसू आवरलं. डिझायनर हसली नाही. ती नुसती काकांकडे बघत राहिली. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुम्ही खोटं बोलला नाहीत, काका," त्या म्हणाल्या. "पण खरं बोलायला बराच वेळ घेतलात. मी त्या माणसासाठी रडले आहे."

"माहितीये. मला पण वाईट वाटत होतं त्याच्याबद्दल," काका म्हणाले, आणि हे त्यांनी अगदी मनापासून म्हटलं होतं.

निर्णय व्हायला वेळ लागला नाही. महिन्याअखेर नवं रूप साइटवर येणार, जुन्या ब्राउझरची सोय संपणार, तपासणीचं काम संपणार. मॅडमना यात आनंद नव्हता, पण त्या म्हणाल्या होत्या तसंच झालं. एकही खरा माणूस निघाला नव्हता. काकांनी त्याच संध्याकाळी थोरल्याची वायर भिंतीतून काढली, गुंडाळली आणि वर रबर लावलं. डिझायनरने भिंतीवरचे कागद उतरवून काकांच्या हातात दिले. 

महिना संपला, नवं रूप साइटवर आलं. त्यानंतर चार-पाच दिवसांनी, काका उरलेला हिशेब मिटवायला आले होते तेव्हा, मॅडमनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. चेहरा कडक होता.

"काका, पुरे आता."

"काय झालं?"

"काल जुन्या ब्राउझरवरून भेट आलीये. पेटीत लिहिलंयसुद्धा."

काकांनी शपथ घेतली. नेटवर्कवाल्याला बोलावलं, त्याने जाऊन पाहिलं, थोरला मेल्यासारखा पडला होता, वायरीला रबर तसंच. मग काकांना भलतीच शंका आली. त्यांनी तिथूनच बायकोला फोन लावला. "तू तर नाहीस ना? माझ्यासाठी म्हणून काहीतरी..."

"मला दुसरे उद्योग नाहीत का?" बायको म्हणाली. "उद्या सकाळपर्यंत दोन फलक द्यायचेत. ठेवा फोन."

मॅडमनी स्क्रीन काकांकडे वळवली. लिहिलं होतं: 'फोटो लहान करायचं बटण दाबलं जात नाही. गेल्या महिन्यापर्यंत दाबलं जायचं. कोणी आहे का?' आणि खाली फोन नंबर.

काकांच्या रोजच्या ढीगभर भेटींखाली ही एक भेट कधीपासूनची दबून राहिली होती, कोणाला दिसलीच नव्हती. मॅडमनी ते वाक्य परत एकदा वाचलं.

"फोन करा," त्या म्हणाल्या. "आणि काका, स्पष्ट सांगते. यांना खरंच जुनंच लागत असेल, तर एक साधं जुनं पान ठेवू, बाकी सगळं नवं. ते पान सांभाळायचं आणि पेटीत लिहिणाऱ्या खऱ्या लोकांना उत्तरं द्यायची, हे काम तुमचं. पण आधी त्यांना नवा ब्राउझर घ्यायला सांगायचं, अगदी मनापासून. घेतला, तर विषय संपला."

म्हणजे पाहा. खुर्ची टिकायची तर समोरच्या माणसाने ऐकायला नको, आणि त्याने ऐकावं म्हणून जीव तोडून समजावायचं ते काकांनीच. काकांनी फोन लावला, स्पीकर चालू केला.

पलीकडे बाईंचा खणखणीत आवाज होता. फोटो काढून द्यायचं आणि लोकांचे फॉर्म भरून द्यायचं त्यांचं छोटं दुकान. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिथून कोणी बोललं हो! बटण कुठे नेलंत?"

"बाई, तुमचा ब्राउझर फार जुना झालाय. नवा घ्या," काका म्हणाले. आणि मग त्यांनी काही हातचं राखलं नाही. जुना का धोक्याचा, नवा किती सोपा, पैसे कसे पडत नाहीत, काही बिघडणार कसं नाही. नेटवर्कवाला तोंड उघडं टाकून ऐकत होता. इतकी वर्षं तो हेच काकांना सांगत आला होता.

"नको हो. माझं चाललंय."

"चालत नाहीये बाई. म्हणून तर तुम्ही लिहिलंत."

पलीकडे विचार झाला. "तेही खरंच. बरं, सांगा, कुठे दाबू?"

काकांनी खुर्ची पुढे ओढली. मॅडम त्यांच्याकडे बघत होत्या. काकांनी एकेक पायरी सांगितली, एकही चुकवली नाही. "आता खाली निळं बटण दिसतंय? ते दाबा."

"दाबलं." थोडा वेळ नुसती घरघर ऐकू आली. काकांनी ती ओळखली. थोरल्याच्याच कुळातली होती. मग बाई अडखळत वाचू लागल्या, "'हा ब्राउझर या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही. कृपया नवीन कॉम्प्युटर वापरा.' आता हो? नव्या कॉम्प्युटरचं माझा प्रिंटर ऐकत नाही, मी सगळीकडे विचारून आलेय. आणि प्रिंटर बदलायची माझी ऐपत नाही."

काकांनी मॅडमकडे पाहिलं. चेहरा शक्य तितका गंभीर ठेवायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही.

"मॅडम, बाई तयार आहेत. कॉम्प्युटर तयार नाही."

मॅडम हसल्या. हसायचं नाही असं ठरवून बसलेला माणूस हसतो तशा. "कसल्या माणसाशी गाठ पडलीये माझी," त्या म्हणाल्या.

"अहो, तुमचं आपापसातलं नंतर बोला," फोनमधून आवाज आला. "इथे गिऱ्हाईक उभं आहे. बटण कुठे आहे ते सांगताय ना?"

"सांगतो, सांगतो. फोन ठेवू नका," काका म्हणाले, आणि गुडघा सांभाळत आपल्या टेबलाकडे निघाले. डिझायनरने पुढे होऊन वायर भिंतीत घातली. "मी पण तुमच्यासारखाच जुना उघडून बसतो. हां. आता मला काय दिसतंय ते सांगतो, आणि तुम्हाला तेच दिसतंय का ते तुम्ही मला सांगा."